सोनेरी काठाचा एल

आमचे सासरे गाडीत बसायच्या आधी चपला काढायचे. बाहेर, रस्त्यावर. एकीला चिकटून दुसरी अशा नीट लावून ठेवायचे आणि मग वाकून आत शिरायचे. परत येऊ तेव्हा त्या तिथेच असतील असा त्यांचा ठाम विश्वास होता. मी गाडी शिकले त्या दोन महिन्यांत त्यांचे चार जोड गेले. एक आमच्या रामवाडीच्या नाक्यावर, एक पेणच्या भाजीबाजारापाशी, आणि दोन कुठे गेले ते अजून कळलेलं नाही. सासूबाई वैतागून म्हणायच्या, "एवढं सांभाळून चालवतात म्हणे गाडी, आणि पायातलं सांभाळता येत नाय."

याला कारण होतं. तीस वर्षं त्यांनी पेणजवळच्या जोहे गावातल्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती टेम्पोने गावोगाव पोचवल्या होत्या. आमच्याकडे कारखाना म्हटलं की धूर ओकणारी चिमणी डोळ्यांपुढे येत नाही, मूर्ती करण्याची शेड येते. पाठीमागे चाळीस गणपती उभे असताना पुढे चपला घालून बसायचं कसं, असा त्यांचा साधा विचार. पुढे टेम्पो विकला, ते भावाच्या कारखान्यात मूर्ती करायला बसू लागले, पण कुठल्याही गाडीत अनवाणी शिरायची सवय काही सुटली नाही. लग्नाच्या वरातीतल्या गाडीतसुद्धा ते अनवाणीच बसले होते. माझ्या माहेरच्या लोकांना वाटलं, नवस असेल.

मी गाडी शिकायला घेतली ती हौसेनं नव्हे. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, प्रयोगशाळेत, मला नोकरी लागली होती. लग्नाआधी हेच काम करत होते, मग मुलगी झाली आणि राहून गेलं. आता मुलगी चार वर्षांची होती, नवरा बोटीवर, सहा महिने पाण्यात आणि तीन महिने घरात. कंपनीची बस पेणपर्यंत येत नव्हती. पहिली शिफ्ट सकाळी सातची, आणि त्या वेळेला पोचवील अशी एसटी नव्हती. म्हणजे एक तारखेच्या आत स्वतः गाडी चालवत रोह्याला जायला शिकायचं, नाहीतर तिथे खोली घेऊन राहायचं आणि मुलीला फक्त रविवारी भेटायचं. नोकरीच सोडून द्यायची हा तिसरा मार्ग घरात कुणी बोलून दाखवला नाही. पण मुलगी मांडीवर येऊन झोपली की तो माझ्या मनात यायचाच.

क्लास लावून झाला होता. वीस दिवस मी क्लासच्या गाडीतून पेणभर फिरले आणि स्वतःवर भलतीच खूश झाले. एकविसाव्या दिवशी नवऱ्याची गाडी दारातून बाहेर काढली आणि पाण्याचं पिंप आडवं केलं. सासरे ओट्यावर बसून हे बघत होते. ते उठले, पिंप उभं केलं, आणि म्हणाले, "त्या क्लासवाल्याच्या पायाखाली पण ब्रेक असतो गो. वीस दिवस गाडी त्यानं चालवली, तू नुसती स्टेरिंग धरून बसली होतीस. उद्यापासून मी बसतो."

"तुम्हाला त्रास कशाला, बाबा?" मी म्हटलं. खरं तर मला त्यांची धास्ती वाटत होती. सासऱ्यांच्या शेजारी बसून चुका करायच्या म्हणजे काय, हे सुनांनाच कळेल.

"त्रास मला नाय, गाडीला हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गाडीच्या पुढे-मागे लाल एल रंगवलेला. स्टिकर आणायला सांगितला होता. पण स्टिकरची लाली त्यांना पसंत पडली नाही. शेल्याला लावतात तो लाल रंग त्यांनी कारखान्यातून आणला आणि ब्रशने एल काढला. अक्षराला डौल दिला. आणि हात थांबेना म्हणून शेवटी त्याला बारीक सोनेरी काठ काढला, मुकुटाला काढतात तसा. माझा तो एल बघायला रामवाडीतली माणसं येऊन गेली. एकाने तर विचारलं, गाडी नवीन घेतली का.

पण हे काहीच नव्हतं. गाडीचा मागचा दरवाजा उघडला तर मागच्या सीटवर पाटावर, दोन्ही बाजूंनी गोणपाटाचे लोड लावून, एक वीतभर उंचीची शाडूची मूर्ती बसवलेली. कच्ची, न रंगवलेली, नुकती वाळलेली.

"बाबा, हे काय?"

"मास्तर," ते म्हणाले.

त्यांची शिकवायची पद्धत अशी होती. माझ्या शेजारी डावीकडे बसायचं, पण तोंड मागे करून. एक हात सीटच्या पाठीवर टाकून ते सगळा वेळ मूर्तीकडे बघत असायचे. पुढे ट्रक येवो, म्हैस येवो, मला घाम फुटलेला असो, त्यांची नजर मागे. पहिल्या दिवशी मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "बाबा, रस्त्याकडे बघा ना जरा!" त्यावर शांतपणे म्हणाले, "रस्ता तू बघ. मी मूर्ती बघतो. मूर्ती बघितली की तुझं सगळं कळतं मला. आता क्लच झटक्यात सोडलास. आता खड्ड्याच्या आधी घाबरलीस. सोंड सांगते."

आणि खरंच, त्यांचं चुकायचं नाही. कच्च्या शाडूत सोंड, बोटं आणि कान या तीन जागा नाजूक. मी गिअर खेचला की बोटं थरथरायची, ब्रेक उशिरा मारला की सोंडेला हिसका बसायचा, वळण कापलं की एका बाजूचा कान लोडाला टेकायचा. घरी आल्यावर ते मूर्ती उचलून उजेडात धरायचे आणि बारीक तडे शोधायचे. तडा नसला की सासूबाईंना हाक मारून सांगायचे, "आज सुनेनं कान आणला हो घरी!" सासूबाईंना पहिल्यांदा हे ऐकून घेरीच यायची बाकी होती.

मी एकदा विचारलं, "बाबा, देवाची मूर्ती अशी शिकाऊ गाडीत घालून फिरवायची, बरं दिसतं का?"

"अजून देव झाला नाय गो तो. पूजा व्हायच्या आधी माती हाय." मग मूर्तीशेजारचा लोड सारखा करत म्हणाले, "पण व्हणार हाय ना देव. म्हणून जपायचं."

दुसरी अडचण दिशांची. डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडी नव्हते. त्यांना खाडी कळायची आणि डोंगर कळायचा. "आता खाडीकडे घे. डोंगराकडून ट्रक येतो, येऊ दे त्याला." पेणहून रोह्याकडे निघालं की खाडी उजव्या हाताला आणि डोंगर डाव्या हाताला, हे मी चार दिवसांत पाठ केलं. मोठ्या रुबाबात गडबपर्यंत गेले. परत फिरलो, ते म्हणाले, "डोंगराकडे घे," आणि मी पाठ केल्याप्रमाणे डावीकडे घेऊन थेट भाताच्या बांधाला गाडी टेकवली. त्यांनी पहिल्यांदा मूर्ती बघितली, मग मला, मग बांध. "डोंगर हलला का काय?" एवढंच म्हणाले.

मूर्तीचा पहिला हात मोडला तोही गडबलाच. हायवेचं काम आमच्याकडे कायमच चालू, त्यामुळे रस्ता कालचा आज नसतो. एका वळवलेल्या रस्त्यावरून मी जोरात खाली उतरले आणि मागून टक् असा आवाज आला. त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली. समोर पापड-पोह्यांचं दुकान होतं. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ते मागे गेले, मूर्तीसमोर हात जोडले आणि म्हणाले, "देवा, सून नवी हाय." मग पिशवीतून ओल्या शाडूचा डबा, पाण्याची बाटली आणि लाकडी कोरणी काढली आणि रस्त्याच्या कडेला मांडी ठोकून नवा हात करायला बसले.

पाच मिनिटांत माणसं जमली. पापडवाल्या बाईने पाणी आणून दिलं आणि चौकशी केली. "काका, लेक का?"

"सून."

"शिकते व्हय? मग आमच्या दुकानासमोर नका आणू हो तिला, काचेच्या बरण्या हायत."

सगळे हसले, मीही हसले. त्या दिवशी माझी अर्धी भीती गेली. सासऱ्यांच्या बोटांमधून मूर्तीचा हात परत उगवत होता, त्यात घाई नव्हती की माझ्यावरचा राग नव्हता. पुढे तीन वेळा आम्ही त्याच दुकानासमोर थांबलो. तिसऱ्या वेळी बाईने त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती.

हॉर्न वाजवायला मात्र मला बंदी होती. करकचून ब्रेक दाबायलाही. "लांबनं बघायचं," ते म्हणायचे, "लांबनं पाय उचलायचा. गाडीला कळलंच नाय पायजे ती थांबली ते." हळूहळू मला ते जमलं. दीड महिन्यानंतर मी जोह्याच्या शेतांमधल्या रस्त्यावरून अशी गाडी चालवायचे की मागच्या मूर्तीच्या मांडीवरचा वाळलेला मातीचा कण हलायचा नाही. त्यांनी बोटीवर फोन लावून मुलाला सांगितलं, "तुझ्यापेक्षा बरी चालवते." नवऱ्याने मला हे चिडून सांगितलं. मला इतका आनंद झाला होता की दिवसभर काही सुचलं नाही.

अशा तयारीनं मी परीक्षेला गेले आणि नापास झाले.

झालं असं की परीक्षा घेणारे साहेब गाडीत बसायला आले, आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "साहेब, बूट बाहेर." सासऱ्यांच्या नादानं अनवाणी झालेल्या माझ्या पायांकडे ते बघत राहिले. "देवळात चाललोय का बाई आपण?" म्हणाले. पण माणूस चांगला होता, हसला आणि बुटांसकट बसला. आठाचा आकडा मी सुरेख काढला. चढावर गाडी तसूभर मागे जाऊ दिली नाही. डावीकडे घ्या म्हणाले तेव्हा क्षणभर डोंगर शोधला, पण घेतली. शेवटी ते म्हणाले, "आता मी थांबा म्हटलं की तिथल्या तिथं थांबायचं." ते थांबा म्हणाले. मी लोण्यासारखा पाय उचलला, लोण्यासारखा ब्रेकवर ठेवला, आणि गाडी थांबली तेव्हा त्यांनी नेमलेली जागा तीन गाड्या मागे राहिली होती.

"परत करा," ते म्हणाले. परत तेच. पाय जोरात पडेचना. तिसऱ्यांदाही तेच. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "गाडी छान चालवता. पण समोर पोर आलं असतं तर? आठवड्यानं या."

एक तारखेला बारा दिवस उरले होते.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्यामुळं नापास झाली पोर. जिवंत माणसं बसणार गाडीत, तिला मूर्ती न्यायला शिकवलंत." लागेल असं त्यांना बोलायचं नव्हतं, पण सासऱ्यांना लागलं. ते अर्ध्या ताटावरून उठले आणि जोह्याला निघून गेले. मी मुलीला जवळ घेऊन पडले. रोह्यात कोणाची खोली मिळेल याचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा मी खरोखर केला, आणि रडले. उशी तोंडावर धरून रडले, म्हणजे ओट्यापर्यंत ऐकू जाऊ नये.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला गाडी काढायला सांगितली. मागच्या सीटवर नवी मूर्ती होती. आतापर्यंतच्या सगळ्या साच्यातल्या होत्या. ही साच्यातली नव्हती, हातानं केलेली होती. बोटांची नखंसुद्धा कोरलेली. तीन दिवस ते कारखान्यात काय करत होते ते मला तेव्हा कळलं. गोणपाटाचे लोड या वेळी नव्हते. नुसत्या पाटावर मूर्ती.

जोह्याच्या शेतांमधल्या रस्त्यावर, पुढे-मागे कोणी नाही असं बघून ते म्हणाले, "आता वेग घे. मी थांब म्हटलं की करकचून दाबायचा. सगळा जोर."

"बाबा, मूर्ती पडेल."

"पडू दे."

"तुम्ही केलीय ती. मी नाही दाबणार."

"चल गो तू."

ते आज मागे वळून बसले नव्हते. समोर रस्त्याकडे बघत होते, आणि त्यामुळेच मला कसंतरी होत होतं. मी तिसरा गिअर टाकला. दोन्हीकडे भात उभं होतं. ते एकदम ओरडले, "थांब!"

मी दाबला नाही. पाय उचलला, हळूच ठेवला, गाडी पुढे जाऊन थांबली. मूर्ती जागच्या जागी.

"परत," ते म्हणाले.

परत तेच झालं. मग त्यांनी मला इंजिन बंद करायला सांगितलं आणि जे सांगितलं ते सासूबाईंनाही तोवर माहीत नव्हतं. टेम्पो चालवत होते तेव्हा एकदा, गणपतीच्या आदल्या दिवशी, नागोठण्याच्या अलीकडे रस्त्यात वासरू आलं. पाठीमागे बेचाळीस मूर्ती. पाय ब्रेकवर होता, पण पूर्ण दाबला नाही, मूर्ती आडव्या होतील म्हणून. वासराचा पाय मोडला. बेचाळीसच्या बेचाळीस मूर्ती धडपणे पोचल्या, आणि लोकांनी पाठ थोपटली, काय हात हाय तुमचा म्हणून.

"महिनाभर जात होतो त्याच्या पायाला पट्टी बांधायला," ते म्हणाले. "बरं झालं ते. पण मी तुला तेच शिकवलं गो. चुकलं माझं."

मला त्यांच्याकडे बघवेना. सासऱ्यांनी सुनेला चुकलं म्हणावं, याची मला सवय नव्हती, त्यांनाही नसावी.

"मातीची परत होते," ते म्हणाले. "चालू कर."

मी गाडी चालू केली. वेग घेतला. या वेळी त्यांच्या हाकेची वाट बघत मी दात आवळून बसले होते. "थांब!" आणि मी होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी खिळल्यासारखी थांबली, पट्टा माझ्या खांद्यात रुतला, आणि मागून पाट निसटल्याचा आणि माती फुटल्याचा आवाज आला. एकदाच आला. नंतर काही नाही.

मी मागे बघितलं नाही. ते उतरले, मागचं दार उघडलं. वाकून तुकडे चाचपले. मग खो खो हसण्याचा आवाज आला. सोंड हातात घेऊन ते भाताच्या कडेला उभे होते आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. "जमलं गो सूनबाय! तीस वर्षांत मला जमलं नाय ते तुला जमलं!" मग मीही हसायला लागले, आणि रडायलाही. दोन्ही एकदम चालू होतं. त्या दिवशी त्यांनी मला आणखी अकरा वेळा ब्रेक मारायला लावला, आणि दर वेळी पोरासारखे खूश झाले. तुकडे आम्ही पंच्यात गुंडाळून कारखान्यात नेले आणि पाण्याच्या घमेल्यात टाकले. संध्याकाळपर्यंत त्यांचा चिखल होत आला होता.

पुढच्या परीक्षेला तेच साहेब होते. ते थांबा म्हणाले तेव्हा त्यांच्या हातातलं पेन उडून पुढच्या काचेवर आपटलं. "पास," ते म्हणाले, आणि पेन शोधायला वाकले. सासऱ्यांनी घरी येऊन दोन्ही एल कोरणीने खरवडून काढले. सोनेरी काठ निघेना म्हणून तो तसाच राहिला. आता ते सहसा गाडीत बसत नाहीत, मुलगी मोठी झाली आणि ते तिला सायकल शिकवतात. मागे कॅरिअरवर काय ठेवून शिकवतात ते मी बघायला जात नाही.

पण त्या एक तारखेला पहाटे मी निघाले तर ते आधीच गाडीत बसलेले. "आजच्या दिवस येतो. उतरलो की एसटीनं परत." मी गाडी काढली. नको म्हणायची मला इच्छाच नव्हती. पावणेसातला आम्ही कंपनीच्या गेटपाशी पोचलो. ते उतरले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा, उशीर होईल."

तीन वाजता शिफ्ट सुटली. बाहेर आले तर गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर, बाकावर, ते बसलेले.

"बाबा! तुम्ही गेला नाहीत?"

"एसटी चुकली."

"आठ तास?"

"सगळ्याच चुकल्या," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर मी गाडीत पहिल्यांदा कामाबद्दल बोलत होते. प्रयोगशाळेतल्या बायका कशा, यंत्रं कशी बदललीत, डब्यातली भाजी सगळ्यांना कशी आवडली. पुढे एक डंपर आडवा आला, मी थांबले, जाऊ दिला, निघाले. वळवलेल्या रस्त्यावर लांबूनच वेग कमी केला. नागोठणं मागे पडलं तरी डावीकडून चकार शब्द नाही. खाडी नाही, डोंगर नाही. काही चुकलं का माझं, म्हणून मी हळूच नजर वळवली. त्यांचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं, तोंड उघडं होतं, आणि ते घोरत होते. दोन महिने माझ्या शेजारी डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस चालत्या गाडीत गाढ झोपला होता.

तिथून रामवाडीपर्यंत मी जशी गाडी चालवली तशी पुढे कधी चालवली नाही. दारात पोचले तेव्हा उन्हं अजून ओट्यावर होती. मुलगी "आई आली, आई आली" करत धावत सुटली. मी तोंडावर बोट ठेवलं. ती चवड्यांवर चालत आली, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि मांडीवर चढून बसली. आजोबांकडे बघून तिनेही तोंडावर बोट ठेवलं. इंजिन मी तसंच चालू ठेवलं. बंद केलं असतं तर ते जागे झाले असते.